‘संसार’ : एका शब्दाची ओळख

शब्द कळणे म्हणजे नेमके काय कळणे, हा प्रश्न वरवर पाहता व्याकरणाचा किंवा फार तर कोशकारांचा वाटतो. ज्याचे आयुष्य सरकारी नस्त्या वाचण्यात आणि त्यांवर टिपण्या लिहिण्यात गेले, त्याने या प्रश्नात पडू नये असेही कोणी म्हणेल. परंतु आमचा अनुभव असा, की हा प्रश्न नीतीचाही आहे. समोरचा माणूस एखादा शब्द उच्चारतो तेव्हा तो आपल्याला पूर्ण कळला की अर्धवट, यावर पुष्कळदा त्या माणसाचे भले-बुरे अवलंबून असते. ज्या एका शब्दामुळे हे आमच्या ध्यानात आले, त्याची ओळख आम्हाला कशी झाली आणि किती उशिरा झाली, ते येथे सांगावयाचे आहे.

निमित्त घडले ते लहानसे. शेजारची एक शाळकरी मुलगी सायंकाळी आमच्याकडे मराठी वाचावयास येते. घरी आजी मराठी बोलते, शाळा हिंदी. तेव्हा मुलीचे मराठी ऐकण्यापुरते पक्के आणि वाचण्यापुरते कच्चे. कठीण शब्द वहीत उतरवून त्यापुढे अर्थ लिहावा, असा तिचा नेम. एके दिवशी वही पाहताना ‘संसार = दुनिया’ अशी ओळ दिसली. आम्ही थबकलो. ती म्हणाली, “आजोबा, संसार म्हणजे दुनियाच ना? आमच्या हिंदीच्या पुस्तकात तसंच आहे.” आम्ही म्हणालो, “मग तुझी आजी ‘माझा संसार’ म्हणते तेव्हा काय म्हणते?” मुलगी जरा विचार करून म्हणाली, “घर. म्हणजे घर नाही, पण तसंच काही.” या ‘तसंच काही’ने आम्हाला बराच काळ स्वस्थ बसू दिले नाही.

आमच्या बालाघाटच्या मराठी माणसाला असे प्रसंग नवे नाहीत. १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून हा जिल्हा बनविण्यात आला, तेव्हाच त्याच्या वाट्याला अनेक बोली आल्या. लांजी, वारासिवनी, कटंगी या बाजूंना मराठी, पोवारी, गोंडी, हिंदी या भाषा एकाच बाजारात, एकाच ओसरीवर नांदत आल्या आहेत. नागपूर ही राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशात १९५०च्या कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आम्ही नव्या मध्यप्रदेशात राहिलो. तेव्हापासून येथील मराठी घरापुरती आणि हिंदी कचेरीपुरती झाली. दोन्ही भाषांना संस्कृतचा वारसा असल्याने शब्द पुष्कळदा तेच. अर्थ मात्र वेगळे. मराठीतली ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण होते, मराठीतली ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न होते. अशा शब्दांनी होणारी गंमत आम्ही लहानपणापासून सांगत आणि ऐकत आलो आहोत. ‘संसार’ हाही त्यांतलाच एक, असे आम्ही समजत होतो. तो त्यांतला नव्हता, हे कळावयास बराच काळ जावा लागला.

शब्दाचा अर्थ माणसाला कसा कळतो, याचा विचार आपल्याकडच्या शास्त्रकारांनी बारकाईने केला आहे. न्यायशास्त्राच्या परंपरेत शब्दाची शक्ती कळण्याचे आठ मार्ग सांगतात : व्याकरण, उपमान, कोश, विश्वासू माणसाचे वचन, व्यवहार, वाक्याचा उरलेला भाग, विवरण आणि ओळखीच्या शब्दांचे सान्निध्य. या आठांत कोश हा केवळ एक आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. व्यवहाराचे उदाहरण तर फारच सुंदर आहे. घरातला वडीलधारा माणूस दुसऱ्याला गाय आणावयास सांगतो. तो गाय घेऊन येतो. मग गाय बांध आणि घोडा आण असे सांगतो. तोही तसे करतो. जवळ बसलेले मूल हे पाहत असते. कोणता शब्द राहिला, कोणता बदलला, त्याबरोबर कोणती वस्तू राहिली आणि कोणती बदलली, हे पाहून ते ‘गाय’ शब्दाचा अर्थ स्वतःच जुळवते. त्याला कोणी व्याख्या सांगत नाही. पश्चिमेकडे लुडविग विट्गेनस्टाइन याने शब्दाचा अर्थ बहुतांशी त्याच्या वापरात असतो असे म्हटले आणि १९५३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, ते विवेचन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याची फार चर्चा झाली. आपल्या ओसरीवरचे ते मूल त्या मार्गावर फार पूर्वीपासून बसलेले होते.

गाय डोळ्यांना दिसते. संसार तसा दिसत नाही. तो शिकवणारा वडीलधारा माणूस कोठून आणावा? आमचे उत्तर असे, की ज्या भाषेत वाङ्मय आहे, त्या भाषेत असे वडीलधारे शेकडो वर्षांचे भेटतात. ते शब्द वापरीत असतात आणि आपण जवळ बसून पाहावयाचे असते.

‘संसार’ हा मूळचा संस्कृत शब्द, ‘सृ’ म्हणजे सरणे, वाहणे या धातूपासून बनलेला. एकसारखे वाहत राहणे, एका जन्मातून दुसऱ्यात जात राहणे, हा त्याचा जुना अर्थ. गीतेच्या बाराव्या अध्यायात संसाराला मृत्यूच्या जोडीने सागर म्हटले आहे. पंधराव्यात तो उलटा वाढलेला अश्वत्थ आहे, आणि ज्ञानेश्वरांनी त्या वृक्षाचा केवढा तरी विस्तार आपल्या टीकेत केला आहे. येथपर्यंत संसार ही तरून जाण्याची किंवा छेदून टाकण्याची गोष्ट आहे. परंतु याच ज्ञानेश्वरांच्या नावावर असलेल्या एका प्रसिद्ध अभंगात संसार टाकण्याची नव्हे, तो सगळाच्या सगळा सुखाचा करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि लगोलग तिन्ही लोकांना आनंदाने भरण्याची भाषा आहे. येथे संसार म्हणजे घर की जग? दोन्ही. आम्ही तरुणपणी तो अभंग असंख्य वेळा गायिलेला ऐकला आणि शब्दापाशी कधी थांबलो नाही. थांबलो ते ज्ञानेश्वरांच्या घराची हकीकत त्याच्या शेजारी ठेवून पाहिली तेव्हा. वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन गेलेले, गुरूच्या आज्ञेने पुन्हा गृहस्थाश्रमात परत आलेले. आणि त्या एका गोष्टीसाठी समाजाने चार लेकरांना वाळीत टाकलेले. ज्या मुलाच्या घराची एका संसाराच्या सोडण्या-धरण्यावरून अशी वाताहत झाली, त्याने संसार सुखाचा करीन म्हणावे, यात त्या शब्दाचे वजन आहे. ते वजन कोशात सापडत नाही.

तुकोबांकडे आलो की हा शब्द आणखी जड होतो. १६३०च्या आसपासच्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला आणि पहिली पत्नी अन्नावाचून गेली. दिवाळे निघाले, दुष्काळाने पिडले, हे बरेच झाले, असे ते पुढे देवाला सांगतात. वरवर वाचणाऱ्याला हे वैराग्य वाटते. परंतु ज्याचा संसार कधी नव्हताच, त्याचे वैराग्य आणि ज्याच्या डोळ्यांदेखत तो गेला, त्याचे वैराग्य ही एक नव्हेत. घराण्याची सावकारी होती. लोकांकडून घेतलेल्या खतांपैकी भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खते तुकोबांनी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. आपला संसार बुडाल्यावर दुसऱ्याच्या संसारावर असलेला आपला हक्क त्यांनी बुडविला. शब्द कळल्याची याहून मोठी खूण कोणती असेल?

समर्थ रामदास लग्नमंडपातून निघून गेले, असे चरित्रकार सांगतात. त्यांनी संसार कधी केला नाही. तरीही दासबोधाच्या तिसऱ्या दशकात जन्म, लग्न, लेकरे, दारिद्र्य, परदेश, म्हातारपण असा एका गृहस्थाचा सारा जीवनक्रम त्यांनी असा मांडला आहे की वाचणाऱ्याने आपल्याच घराचे दार उघडून पाहावे. आणि बाराव्या दशकाच्या आरंभी आधी प्रपंच नीट करावा, मग परमार्थाकडे वळावे, असा स्पष्ट उपदेश केला आहे. शब्द त्यांनी ‘प्रपंच’ हा वापरला, पण गोष्ट तीच आहे. ज्याने स्वतः केले नाही, त्यालाही जवळून पाहिले तर कळते, एवढी आशा आमच्यासारख्याला समर्थांकडून घेता येते.

पुढे स्त्रिया लिहू लागल्या आणि शब्दाला नवी बाजू आली. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा काही काळ आमच्यापासून फार दूर नसलेल्या राजनांदगावी गेला. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, मग पुन्हा पतीकडे आल्या आणि १९०० साली त्यांनीही तो धर्म स्वीकारला. घरातले हाती येईल ते दुसऱ्याला देऊन टाकणारा नवरा, आणि जे उरेल त्यात पुन्हा चूल मांडणारी बायको. हे पुस्तक हसत हसत वाचले जाते आणि मिटल्यावर कळते की यात एकच संसार कितीदा तरी मोडून मांडला गेला आहे. ‘मोडणे’ आणि ‘मांडणे’ ही संसाराची दोन क्रियापदे आहेत, हे आम्हाला या पुस्तकाने शिकविले.

बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) तर अक्षरशत्रू. शेतात, जात्यावर सुचलेली त्यांची गाणी मुलाने, कवी सोपानदेवांनी, आणि आप्तांनी उतरून ठेवली. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. ऐन तिशीत वैधव्य आलेल्या या बाईने संसाराला चुलीवरच्या तव्याची उपमा दिली. हाताला चटके बसल्याखेरीज भाकर नाही, हा तिचा हिशेब. गीतेतला सागर आणि वृक्ष येथे तवा झाला. सागर तरून जावा लागतो, वृक्ष छेदावा लागतो. तव्यापाशी मात्र रोज बसावे लागते.

‘ओळखीच्या शब्दांचे सान्निध्य’ हा जो आठवा मार्ग शास्त्रकारांनी सांगितला, तो आता वाचकांच्या ध्यानी येईल. आपण संसार ‘थाटतो’, ‘मांडतो’, संसाराला ‘लागतो’, त्याचा गाडा ‘ओढतो’. तो ‘मोडतो’, ‘उघड्यावर पडतो’. मराठी वृत्तपत्रांत आगीच्या बातमीत ‘संसारोपयोगी साहित्य’ जळून खाक होते. या क्रियापदांच्या सोबतीत पाहिला म्हणजे संसार ही एकाच वेळी वस्तू आहे, नाते आहे, कष्ट आहे आणि काळही आहे असे दिसते. बंगालीतही संसार म्हणजे घरगृहस्थीच. सनदी नोकरीत असलेल्या रमेशचंद्र दत्तांनी १८८६ साली ‘संसार’ याच नावाची कादंबरी लिहिली. हिंदीतही ‘घर-संसार’ म्हणतात. परंतु तेथे ‘घर’ सोबतीला घ्यावे लागते, एकट्या ‘संसारा’ला ते ओझे पेलत नाही.

आता ज्या प्रसंगासाठी हे सारे लिहिले, तो सांगतो.

१९९०च्या आसपासची गोष्ट. आम्ही तेव्हा महसूल खात्यात अगदी कनिष्ठ अधिकारी होतो. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या एका सिंचन प्रकल्पासाठी एक लहान वस्ती उठणार होती. मौका पंचनामे करणे आणि लोकांचे म्हणणे नोंदविणे हे काम आमच्याकडे होते. एका घरापाशी पटवारी मोजीत होता : मातीच्या भिंती, कवेलूंचे छप्पर, परसात मोहाची दोन झाडे आणि एक चिंच. घर साठीच्या एका विधवा बाईंचे. त्या शांतपणे सारे पाहत होत्या. अंगठा उमटविण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी विचारले, “साहेब, भिताडं लिवली, झाडं लिवली; माहा संसार कोठी लिवला?”

आमच्यासोबतचा बाबू राज्याच्या उत्तरेकडचा, मराठी न जाणणारा. त्याला तेवढा एक शब्द कळला. तो हसून म्हणाला, “अम्मा तो पूरा संसार माँग रही हैं।” सगळे हसले. आम्हीही हसलो. मग दुभाष्याची जबाबदारी आपली आहे हे आठवून आम्ही त्याला समजावले, की मराठीत संसार म्हणजे गृहस्थी. भाषांतर बरोबर होते. ते केल्यावर आपले काम झाले असे आम्हाला वाटले. बाईंना आम्ही म्हणालो, “बाई, सामानाची नोंद नसते, सामान तुम्ही बरोबर नेणारच की.”

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त हाताने दाखविले. जमिनीत पुरलेले उखळ. भिंतीला लिंपून उभी केलेली धान्याची कोठी. चूल. आणि परसाकडची बुटकी भिंत. तिच्यावरून शेजारीण विस्तव मागत असे, असे त्या म्हणाल्या. “हे कसं नेऊ?” त्यांनी विचारले. आमच्याकडे उत्तर नव्हते. अंगठा उमटला आणि आम्ही पुढच्या घराकडे गेलो.

पुढे विभागीय परीक्षेसाठी १८९४चा भूमि अर्जन कायदा नीट वाचावा लागला. त्याच्या कलम २३मध्ये मोबदला ठरविताना कोणत्या गोष्टी विचारात घ्याव्या हे दिले होते : बाजारभाव, उभे पीक, झाडे; आणि त्याच यादीत पाचवी गोष्ट अशी, की भूमी घेतल्यामुळे माणसाला राहते घर बदलावे लागत असेल तर त्या बदलाचा वाजवी खर्च. कलम ९प्रमाणे मागणी तोंडी सांगण्यासही मज्जाव नव्हता; अधिकाऱ्याला हवी तर ती लेखी मागता येत असे, इतकेच. आम्ही पुस्तक मिटून बसलो. त्या बाईंनी मागणी केली होती. कायद्याच्या ज्या रकान्यात ती बसली असती, तो रकाना आम्ही कोरा सोडला होता. शब्द ओळखता आला नाही म्हणून मागणी ओळखता आली नाही. ‘गृहस्थी’ हे भाषांतर करून आम्ही शब्द मिटविला होता, उघडला नव्हता.

यात आणखी एक टोचणी आहे. नोकरीत आमच्या पुष्कळ बदल्या झाल्या. प्रत्येक बदलीत आमच्या सौ.नी डबे, बाटल्या, देव, मुलांची पुस्तके पोत्यांत भरली आणि नव्या गावी पुन्हा सारे लावले. प्रत्येक वेळी प्रवासभत्त्याच्या बिलात घरसामानाचे वजन क्विंटलांत लिहून ट्रकभाडे आम्ही सरकारकडून घेतले. आपला संसार हलविण्यास खर्च येतो, हे आम्हाला उत्तम ठाऊक होते. त्याचा रकाना कोठे असतो, हेही ठाऊक होते. तेच ज्ञान त्या ओसरीवर आमच्या उपयोगी पडले नाही.

येथे एक शंका वाचकांच्या मनात येईल, आणि ती रास्त आहे. आम्ही नागपूरला मामांकडे राहून पदवी घेतली. तेव्हा ‘स्मृतिचित्रे’ वाचली होती, बहिणाबाईंची गाणी पाठ होती, अभंग कानांवरून जातच होते. मग वाङ्मयाने शब्द शिकविला तो कोठे? वाचलेला माणूस न वाचलेल्या बाबूइतकाच हसला. उलट बाबूला अज्ञानाची सबब होती, आम्हाला तीही नव्हती. वाङ्मय माणसाला शहाणे करते असे सरसकट विधान करण्याचा अधिकार आम्हाला म्हणूनच वाटत नाही.

यावर आम्ही पुष्कळ विचार केला. त्या ओसरीवरच्या मुलाकडे पुन्हा पाहू. गाय आणा म्हटल्यावर गाय आणली जाते, हे पाहून मूल शिकते. केवळ शब्द ऐकून ते शिकले नसते; शब्द उच्चारल्यावर काय केले गेले, ते त्याने पाहिले. आम्ही वाङ्मय वाचताना शब्द ऐकले, त्यांच्या सौंदर्याने माना डोलावल्या, परीक्षेत त्यांवर उत्तरेही लिहिली. शब्दानंतर काय केले गेले, याकडे आमचे लक्ष नव्हते. तुकोबांनी खते पाण्यात सोडली, ही आम्हाला चरित्रातली एक हकीकत वाटली. ‘संसार’ या शब्दाच्या अर्थाचा तो भाग आहे असे वाटले नाही. म्हणजे दोष वाङ्मयाचा नव्हता. आम्ही शब्दाचे सूर ऐकले आणि त्याच्या मागे येणारे कर्तव्य वगळले.

दुसरी शंका आमच्या जुन्या सहकाऱ्यांची. ते म्हणतात, शासन कवितेवर चालत नाही. कायद्याला नेमका शब्द लागतो, एका शब्दाला एकच अर्थ लागतो. नाहीतर प्रत्येक निवाड्यात शंभर फाटे फुटतील. हे म्हणणे हलके नाही. याच जुन्या मध्यप्रदेशाच्या राजधानीत, नागपुरात, डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंना उपसर्ग-प्रत्यय लावून कारभारासाठी हजारो पारिभाषिक शब्द घडविले, ते याच गरजेपोटी. अशा शब्दांवर आमची सारी नोकरी झाली. त्यांचे उपकार आम्ही नाकारीत नाही. परंतु नेमकेपणा हवा तो निवाडा लिहिताना. ऐकताना नेमकेपणाचा हट्ट धरला, तर ज्याला पारिभाषिक शब्द ठाऊक नाही, त्याचे म्हणणे कधी कानावर पडणारच नाही. घर बदलण्याच्या खर्चाची मागणी करतो असे त्या बाई कशा म्हणणार? त्यांच्याजवळ एकच शब्द होता आणि त्यात सारे होते. त्या शब्दाचे रकान्यांत पृथक्करण करणे, हे काम आमचे होते. त्यासाठीच आम्हाला वेतन मिळत होते.

शिवाय कायदाही आपल्या परीने शब्द शिकतच असतो. बाजारभावाने माणसाची हानी भरून येत नाही, हे १८९४च्या कायद्यालाही ठाऊक होते. म्हणून बाजारभावावर शेकडा १५ इतकी जादा रक्कम देण्याची तरतूद त्यात होती. आमच्याकडे तिला ‘तोषण’ म्हणत. १९८४च्या दुरुस्तीने ती शेकडा ३० झाली. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या २०१३च्या नव्या कायद्याने ती शेकडा १०० केली आणि मोबदल्याच्या जोडीला पुनर्वसन आणि पुनर्स्थापना हे विषय कायद्याच्या नावातच घातले. त्याहून आम्हाला महत्त्वाची वाटली ती ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या. विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या स्त्रिया यांना स्वतंत्र कुटुंब मानावे, असे त्या व्याख्येत म्हटले आहे. एकट्या बाईचाही संसार असतो, हे कायद्याच्या भाषेत लिहावयास एकशेएकोणीस वर्षे लागली. तव्यावर एकटीने भाकरी थापणाऱ्या बाईने ते त्याच्या कितीतरी आधी सांगून ठेवले होते. व्याख्या बदलल्याने ओसरीवर उभा असलेला अधिकारी बदलतो असे मात्र समजू नये. रकाना असूनही तो कोरा राहू शकतो, हे आम्हीच दाखवून दिले आहे.

तो बाबू जे हसण्यावारी म्हणाला, त्याचाही आम्ही आता निराळा विचार करतो. अम्मा पूरा संसार मागते आहे, असे तो म्हणाला. हिंदीच्या अर्थाने घेतले तरी ते खरे होते. उखळ, कोठी, चूल आणि शेजारणीची भिंत यांपलीकडे त्या बाईंचे दुसरे जग नव्हते. घर आणि जग हे दोन अर्थ ज्ञानेश्वरांच्या अभंगात जसे एकत्र आले आहेत, तसेच ते त्या प्रश्नात एकत्र होते. आम्ही दोघे, एक हिंदी जाणणारा आणि एक मराठी जाणणारा, एकेक अर्थ घेऊन हसत उभे होतो. चूक भाषांतराची नव्हतीच.

त्या प्रकरणाचा निवाडा केव्हाच अंतिम झाला. बाई कोठे गेल्या, हे आम्ही नंतर विचारले नाही. विचारावयास हवे होते. आज ते ऋण फेडण्याचा मार्ग आमच्याजवळ नाही, आणि लेख लिहिल्याने ते फिटते असेही आम्ही मानीत नाही.

मुलीच्या वहीतली ‘संसार = दुनिया’ ही ओळ आम्ही खोडली नाही. ती चूक नाही, अपुरी आहे. तिला एवढेच सांगितले, की या शब्दापुढे बरोबरचे चिन्ह घालू नकोस. खाली जागा सोड. जेथे जेथे हा शब्द वाचशील, ऐकशील, तेथले वाक्य लिही. आणि ते म्हटल्यावर कोणी काय केले, तेही लिही. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. खाली एक वाक्य वाढले होते. पुराच्या वर्षी आम्ही संसार माळ्यावर चढवला, असे आजी म्हणाली होती. त्यापुढे मुलीने लिहिले होते : “मी विचारलं, काय काय चढवलं. आजीनं तासभर सांगितलं.”